राणीची ओळख

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या सोपाऱ्याच्या घरात संध्याकाळी दिवे मालवले जात. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. पावसाची सर थांबली की जमिनीतून पंखांचे किडे बाहेर पडत आणि उजेडाभोवती गर्दी करत. दादीअम्मा फक्त ओटीवरचा एक दिवा चालू ठेवत आणि त्याच्याखाली पाण्याने भरलेली परात मांडत. किडे पटापट पाण्यात पडत. सकाळी परातीत पंखांचा थर तरंगताना दिसे. ती परात अंगणात ओतताना दादीअम्मा दर वेळी एकच वाक्य म्हणत, "च्यूंटी के पर निकल आए!" म्हणजे मुंगीला पंख फुटले, आता तिचे मरण जवळ आले.

पुढे शाळेत मराठी शिकताना कळले, की मराठीतही अशीच म्हण आहे. मरणकाळी मुंगीला पंख फुटतात, असे मराठी माणूसही म्हणतो. दोन भाषा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती खरीच असणार, असे मला वाटले. माझी ही समजूत वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत टिकली. ती बदलली माझ्या एका विद्यार्थ्यामुळे आणि माझ्या एका चुकीमुळे.

ती गोष्ट २०१७ सालची. बी.एड. होऊन मला तीन वर्षे झाली होती. नालासोपाऱ्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. गणपतीच्या सुट्टीनंतर मी सातवीच्या वर्गाला निबंधाचा विषय दिला, 'माझा आवडता प्राणी'. कोणी मांजर लिहिली, कोणी घोडा, कोणी बकरी. मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा मात्र वही पुढे करायला तयार नव्हता. मी त्याची वही उघडली. त्यात एकच ओळ होती, 'माझा आवडता प्राणी मुंगी आहे.'

वर्गात हशा पिकला. मुलाने मान खाली घातली. हा मुलगा मराठीच्या तासाला सहसा तोंड उघडत नसे. घरी उर्दू, गल्लीत हिंदी, आणि मराठी फक्त पुस्तकात, अशी त्याची स्थिती होती. मी मुलांना गप्प केले आणि त्याला म्हणाले, "छान विषय आहे. उद्या आणखी पाच ओळी लिहून आण."

दुसऱ्या दिवशी त्याने पाच ओळी आणल्याच, शिवाय खिशातून औषधाची एक रिकामी बाटलीही काढली. बाटलीच्या झाकणाला सुईने भोके पाडलेली होती. आत एक मोठा काळा मुंगळा फिरत होता. त्याचे डोके शरीराच्या मानाने फारच मोठे होते आणि जबडेही दणकट दिसत होते.

"टीचर, ही राणी आहे का?" त्याने विचारले. "आमच्या चाळीमागे मुंगळ्यांची रांग होती. सगळ्यांत ही मोठी होती."

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मला मुंग्यांविषयी काहीही माहीत नव्हते. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द जिभेवर आले होते. पण शिक्षिकेने वर्गासमोर असे कसे म्हणावे? मुलांचा आपल्यावरचा विश्वास उडेल, अशी भीती वाटली. शिवाय मुंगळा खरेच मोठा होता. राणी सर्वांत मोठी असते, एवढे मी कुठेतरी वाचले होते.

"हो," मी म्हणाले, "हीच राणी. हिला नीट सांभाळ. ती अंडी घालील."

मुलाचा चेहरा उजळला. आदल्या दिवशी हसणारी मुले आता बाटली पाहायला धावली. त्याने बाटलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर उर्दूत लिहिले, 'मलिका'.

त्यानंतर तो रोज वर्गात येताच मला मराठीत बातमी सांगू लागला. "टीचर, आज राणीने साखर खाल्ली." "आज राणी झोपली होती." त्याची वाक्ये मोडकीतोडकी असत, पण तो बोलू लागला होता. मलाही बरे वाटे. आपण एका मुलाला बोलते केले, असा थोडा अभिमानही वाटे.

तीन आठवडे गेले. अंडी काही दिसेनात. मग एका सकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बाटलीत मुंगळा पाय आखडून पडला होता.

"टीचर, राणी मेली," तो म्हणाला. "तिने अंडी घातली नाही. तुम्ही म्हणाल्या होत्या."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला फक्त कारण हवे होते. त्या वेळी मी जे उत्तर दिले, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "तुझी काळजी कमी पडली असेल."

मागून कोणीतरी म्हणाले, "मलिका का दरबान!" पुन्हा हशा पिकला. मुलाने बाटली दप्तरात ठेवली आणि तो जागेवर जाऊन बसला. त्या दिवसापासून त्याने मराठीच्या तासाला हात वर करणे बंद केले. मी प्रश्न विचारला, तर उभा राही आणि खाली पाही. 'दरबान' हे नाव मात्र त्याला कायमचे चिकटले.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या एका मैत्रिणीकडे गेले. आम्ही दोघी बी.एड.ला एकाच बाकावर बसत होतो. ती प्राणिशास्त्र शिकवते. वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला तिच्या घरची वाडी आहे. नारळ, चिकू, केळी, विहीर, आणि मधून गेलेली पाण्याची पन्हळ. चहा घेता घेता मी तिला बाटलीतल्या राणीची गोष्ट सांगितली. मला वाटले, ती हसेल. ती हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "चल, तुला तुझी राणी दाखवते."

एका चिकूच्या बुंध्याशी मुंगळ्यांची ये-जा चालू होती. तिने काडीने तीन मुंगळे एका पांढऱ्या बशीत घेतले. एक लहान, एक मध्यम, आणि एक मोठ्या डोक्याचा. तो मोठा अगदी बाटलीतल्या मुंगळ्यासारखा होता.

"ही बघ तुझी राणी," ती म्हणाली. "पण ही राणी नाही. हे तिन्ही कामकरी आहेत. एकाच आईच्या लेकी. या जातीला शास्त्रज्ञ कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात. यांच्यात कामकरी मुंग्या लहान-मोठ्या आकारांच्या असतात. मोठ्या डोक्यात जबड्यांचे मोठे स्नायू असतात. कठीण वस्तू तोडणे, घराचे रक्षण करणे, ही तिची कामे. डोके मोठे म्हणजे राणी, असे मुळीच नाही."

"मग राणी ओळखायची कशी?"

"डोके बघू नकोस. छाती बघ."

तिने कागदावर दोन चित्रे काढली. मुंगीच्या शरीराचे तीन भाग असतात. पुढे डोके, मध्ये छाती आणि मागे पोट. छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर असते. कामकरी मुंगीची छाती अरुंद असते, कारण तिला फक्त सहा पाय हलवायचे असतात. राणीची छाती मात्र जाडजूड आणि वर फुगलेली असते. का? कारण राणीला आयुष्यात एकदा उडायचे असते. पंख हलवणारे बळकट स्नायू त्या छातीत भरलेले असतात. पुढे पंख गळून गेले, तरी छाती तशीच राहते. आणि पंख जिथे होते, तिथे छातीच्या दोन्ही बाजूंना बारीक खुणा राहतात. भिंगातून पाहिले, तर त्या दिसतात. राणीच्या डोक्यावर तीन ठिपक्यांसारखे साधे डोळेही दिसतात. या मुंगळ्यांच्या कामकऱ्यांना ते नसतात. शिवाय अंड्यांसाठी राणीचे पोटही मोठे असते.

मी दादीअम्मांच्या परातीची आठवण सांगितली. "म्हणजे त्या परातीत पडत, त्या सगळ्या राण्याच होत्या?"

"सगळ्या नव्हेत," ती म्हणाली. "पंख दिसले म्हणजे राणी, ही दुसरी चूक. परातीत बरीचशी वाळवी असेल. वाळवी ही मुंगी नव्हेच. नीट बघ. वाळवीला बारीक कंबर नसते. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. तिच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीची कंबर बारीक असते, पुढचे पंख मागच्या पंखांपेक्षा मोठे असतात आणि राणीच्या मिशा कोपरात वाकवलेल्या हातासारख्या असतात."

"आणि मुंगी असली, तर?"

"तरी ती नर असू शकते. नरालाही पंख असतात. पण त्याचे डोके लहान, शरीर सडपातळ आणि पोट निमुळते असते. नर फार दिवस जगत नाही. राणीशी मीलन झाले, की थोड्याच वेळात तो मरतो. तुमची म्हण नराच्या बाबतीत अगदी खरी आहे."

मग तिने मला राणीची पुढची कहाणी सांगितली. पावसाने जमीन मऊ झाली आणि हवा दमट झाली, की एकाच परिसरातल्या अनेक घरांमधून पंखवाल्या मुंग्या साधारण एकाच वेळी उडतात. त्यामुळे एका घरच्या राणीला दुसऱ्या घरचा नर भेटतो. पक्षी, पाली, बेडूक, कोळी यांच्या तोंडी त्यांतल्या बहुतेक पडतात. पण सगळ्या पडत नाहीत. वाचलेली राणी जमिनीवर उतरते आणि पाय लावून स्वतःचे पंख स्वतःच उतरवते. मऊ माती उकरून ती एक लहानशी खोली करते आणि आतून दार बंद करते. त्यानंतर कित्येक आठवडे ती काहीही खात नाही. पंखांचे स्नायू आता तिला लागणार नसतात. ते स्नायू आणि अंगातली चरबी हळूहळू विरघळते आणि त्यावर ती स्वतः जगते, शिवाय अळ्यांना भरवते.

"म्हणजे ती फुगलेली छाती ही तिची शिदोरीच झाली," मी म्हणाले.

"अगदी बरोबर. आणि आता मला सांग, तुझ्या विद्यार्थ्याची काळजी कुठे कमी पडली?"

मला उत्तर देता आले नाही. कामकरी मुंगी एकटीच बाटलीत ठेवली, तर ती घर वसवू शकत नाही. त्या मुलाने जगातली सगळी साखर घातली असती, तरी तिथे मुंग्यांचे घर उभे राहिले नसते. चूक त्याची नव्हती. ज्या दिवशी मी 'हो' म्हणाले, त्याच दिवशी ती झाली होती. आणि दोष मात्र मी त्याच्यावर टाकला होता.

सुट्टी संपली. पहिल्याच तासाला मी फळ्यावर दोन मुंग्या काढल्या. माझी चित्रकला बेताची. पण एकीची छाती अरुंद आणि दुसरीची फुगलेली, एवढे स्पष्ट दिसत होते. मग मी मुलांकडे वळले आणि म्हणाले, "सप्टेंबर महिन्यात मी या वर्गात एक चुकीची गोष्ट सांगितली. बाटलीतली मुंगी राणी नव्हती. मला माहीत नव्हते, तरी मी माहीत असल्यासारखे बोलले. ती मुंगी मेली, तेव्हा मी तुमच्या वर्गमित्राला दोष दिला. त्याने काळजी नीट घेतली होती. चूक माझी होती. मी त्याची माफी मागते."

वर्ग एकदम शांत झाला. मुलगा खाली पाहत होता. मग एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "टीचर, सगळ्या कामकरी मुंग्या मुलीच असतात?"

"हो, सगळ्या बहिणी," मी म्हणाले.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. काहींची उत्तरे मला येत होती, काहींची येत नव्हती. येत नव्हती, ती मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. एका मुलाला सूरह नमलची आठवण झाली. कुरआनातल्या या २७व्या सूरहचे नावच 'मुंगी' असे आहे. हजरत सुलेमान यांच्या फौजेची चाहूल लागताच एक मुंगी इतर मुंग्यांना सावध करते, तो प्रसंग सर्वांना ठाऊक होता. मी त्यांना सांगितले, की मराठीतही संत मुक्ताबाईंच्या एका अभंगात उडणारी मुंगी भेटते. एवढासा जीव, पण माणसाचे लक्ष त्याच्याकडे किती जुन्या काळापासून गेले आहे!

फळ्याच्या कोपऱ्यातले प्रश्न घेऊन मी पुन्हा मैत्रिणीला गाठले. त्या निमित्ताने बरेच काही कळले. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात १८९२ साली रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याने आपल्याकडच्या मुंग्यांवर लेख लिहिले. त्याच्या आधी दहा वर्षे, १८८२ साली, इंग्लंडमध्ये जॉन लबक यांचे मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. ते काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून घरात मुंग्या पाळत आणि त्यांच्या हालचालींची रोज नोंद ठेवत. युरोपात पाळलेली काळ्या मुंगीची एक राणी २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. हे ऐकून वर्गातल्या एका मुलाने हिशेब केला आणि म्हणाला, "टीचर, ती तर तुमच्या वयाची!" तेव्हा मीही मोकळेपणाने हसले.

बाकावरचा तो मुलगा मात्र अजून गप्पच होता. माफी मागितली, की मोडलेली गोष्ट लगेच जुळते, असे नसते. ते मला त्या वर्षी समजले.

जून २०१८ मध्ये मुले आठवीत गेली. शाळा सुरू होण्याच्या सुमारास पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी तो मुलगा माझी वाट पाहत उभा होता. त्याच्या हातात काचेची लहान डबी होती.

"टीचर, रात्री भिंतीवर एकटी फिरत होती," तो हळूच म्हणाला. "पंख नाहीत. छाती मोठी आहे. मी पाहिली."

मी चष्मा लावला. मुंगी मोठ्या मुंगळ्यापेक्षाही लांब होती. पण डोके तेवढे मोठे नव्हते. छाती मात्र फुगलेली. माझ्या ओठांवर पुन्हा 'हो' आले होते. मी ते गिळले आणि म्हणाले, "मला वाटते, ही राणी आहे. पण खात्री नाही. आपण भिंगातून बघू."

विज्ञानाच्या सरांकडून आम्ही भिंग आणले. छातीच्या दोन्ही बाजूंना पंखांच्या खुणा होत्या. डोक्यावर तीन ठिपके होते. मुलाने ते स्वतः मोजले आणि मला मोजायला सांगितले.

"आता?" त्याने विचारले.

"आता हो," मी म्हणाले.

मैत्रिणीने फोनवर सांगितल्याप्रमाणे आम्ही एक परीक्षानळी घेतली. तळाशी थोडे पाणी ओतले आणि ते वाहून येणार नाही, असा कापसाचा घट्ट बोळा बसवला. त्यामुळे राणीला ओलावा मिळतो. पण ती बुडत नाही. पुढच्या कोरड्या भागात राणीला सोडले आणि तोंडाला सैल कापूस लावला. नळीभोवती काळा कागद गुंडाळला, कारण राणीला मातीतल्या खोलीसारखा अंधार हवा असतो.

"साखर?" मुलाने विचारले.

"नको. तिची शिदोरी तिच्याजवळ आहे. आठवड्यातून एकदाच बघायचे. हलवायचे नाही."

ही अट त्याच्यासाठी सर्वांत अवघड होती. तरी त्याने ती पाळली. दर शुक्रवारी तो कागद थोडा सरकवून पाही आणि वहीत मराठीत नोंद करी. 'आज चार अंडी आहेत.' 'आज अंडी सात आहेत. राणी तोंडाने उचलते.' 'आज पांढरी अळी दिसली.' ती वही मी तपासायला घेत असे. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. पण चुकीची नोंद एकही नव्हती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने कहर केला. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्या दिवसांच्या आठवणी निघत असतील. १० जुलै २०१८ रोजी वसई, नालासोपारा आणि विरारमध्ये सगळीकडे पाणी भरले होते. रुळांवर पाणी आल्यामुळे लोकलगाड्या बंद पडल्या. अनेक भागांत वीज नव्हती. शाळा बंद राहिली. त्या मुलाचे कुटुंब पूर्वेकडे एका चाळीत तळमजल्यावर राहत होते. मला सारखी त्यांची चिंता वाटत होती. खरे सांगायचे, तर त्या नळीचीही आठवण येत होती. पण माणसांच्या घरात पाणी शिरले असताना मुंगीची विचारपूस कशी करावी, असे वाटून मी गप्प बसले.

पाणी ओसरल्यावर मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती. अम्मी ओल्या गाद्या उन्हात टाकत होत्या. अब्बांचे शिवणयंत्र उघडून ठेवले होते. मुलाने काही न बोलता खुंटीवरची प्लॅस्टिकची पिशवी खाली काढली. तिच्यात रेशनकार्ड होते, जन्माचे दाखले होते, बहिणीची गुणपत्रिका होती आणि काळ्या कागदात गुंडाळलेली ती नळी होती.

अम्मी मला म्हणाल्या, "टीचर, रात्री दोन वाजता पाणी आत आले. मी म्हटले, महत्त्वाचे तेवढे आधी वर टांगा. याने कागदांबरोबर हिलाही आत टाकले. मी रागावले. मग म्हटले, राहू दे. तीही बिचारी पोरांना घेऊन बसली आहे."

आम्ही कागद सरकवला. राणी जिवंत होती. तिच्या पायांशी अळ्या होत्या आणि तांदळाच्या दाण्यासारखे तीन कोष होते.

जुलै संपता संपता पहिल्या कोषातून मुंगी बाहेर आली. इतकी लहान, की मुलांना ती दुसऱ्याच जातीची वाटली. पहिल्या कामकरी मुंग्या अशा लहानच असतात, कारण उपाशी आईच्या शिदोरीवर त्या वाढलेल्या असतात. आता मात्र खाणे द्यायचे होते. मधाच्या पाण्याचा एक थेंब आणि एक मेलेला डास. लहान मुंगीने थेंब प्यायला आणि ती वळून राणीकडे गेली. दोघींनी तोंडाला तोंड लावले. दीड महिन्याने आईला पहिला घास लेकीने भरवला. वर्गातली चाळीस मुले एका नळीभोवती श्वास रोखून उभी होती. त्या दिवशी 'दरबान' हा शब्द कोणी उच्चारला नाही. नंतरही मी तो ऐकला नाही.

त्याच तासाला मुलाने कित्येक महिन्यांनी हात वर केला.

"टीचर, प्रत्येक मुंग्यांच्या घरात राणी असतेच का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. हे शब्द आता जड वाटत नव्हते. "आपण विचारू."

उत्तर मोठे नवलाचे निघाले. आपल्या देशात डायकामा नावाची एक काळी मुंगी आढळते. तिच्यात वेगळ्या रूपाची राणीच जन्माला येत नाही. सगळ्या मुंग्या दिसायला कामकरी. त्यांतली एकच मीलन करते आणि अंडी घालते. म्हणजे फुगलेली छाती शोधत बसले, तर त्या घरात राणी कधीच सापडणार नाही. मैत्रीण म्हणाली, "ओळखीचे नियम शिक, पण नियमाबाहेरही कोणी असेल, हे विसरू नकोस." हे वाक्य तिने मुंग्यांविषयी म्हटले होते. मला ते वर्गात फार उपयोगी पडले.

डिसेंबरपर्यंत नळीत बारा-तेरा मुंग्या झाल्या. जागा अपुरी पडू लागली. त्यांना मोठ्या पेटीत ठेवावे, की सोडावे, यावर वर्गात चर्चा झाली. निर्णय त्या मुलावर सोपवला. तो म्हणाला, "तिचे घर इथलेच आहे. इथेच सोडू." मैत्रिणीनेही सांगितले होते, की मुंग्या जिथल्या तिथेच सोडाव्यात, दुसऱ्या गावी नेऊ नयेत. राणी मिळवण्यासाठी कोणाचे नांदते घर खणू नये, हेही तिने बजावले होते, कारण राणी गेली, की ते घर हळूहळू संपते. शाळेच्या कुंपणाशी एक आंब्याचे झाड आहे. त्याच्या मुळाशी आम्ही नळी आडवी ठेवली आणि कापूस काढला. बराच वेळ कोणी हलले नाही. मग एक लहान मुंगी बाहेर आली, मातीला मिशा लावून पाहिले आणि परत आत गेली. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या जणी मुळाखालच्या एका भेगेत शिरल्या होत्या. राणी मध्ये होती.

त्या आंब्याखाली आजही मुंगळ्यांची रांग दिसते. ती त्याच राणीची लेकरे आहेत का, असे मुले मला विचारतात. मी म्हणते, "मला माहीत नाही. असतील, अशी आशा आहे."

तो मुलगा आता कॉलेजात वाणिज्य शिकतो आणि संध्याकाळी अब्बांच्या दुकानात बसतो. दादीअम्मा आता नाहीत. मी अजूनही पहिल्या पावसात घरातले दिवे मालवते. पण परात मांडत नाही. अंधारात बसले, की कधी कधी फोन वाजतो आणि पलीकडून स्वच्छ मराठीत आवाज येतो, "टीचर, आज मुंगळे उडाले. तुमच्याकडे उडाले का?"